पटावरची संख्या आणि मुलीची गरज

शाळेला किती शिक्षक मिळणार, किती अनुदान मिळणार, पोषण आहार शिजवायला किती बाया नेमणार, हे आपल्या राज्यात मुख्यतः एका आकड्यावर ठरते. तो आकडा म्हणजे शाळेचा पट. हजेरीपटावर किती नावे आहेत ती मोजायची आणि ठरलेल्या कोष्टकात बसवायची. वरवर पाहता यात अन्याय कुठे दिसत नाही. बागायतदाराचे मूल एक आणि ऊसतोड मजुराचे मूलही एकच. कोणालाच झुकते माप नाही. पण स्त्री संघटनांत काम करणाऱ्या आपणा सर्वांना हे ठाऊक आहे की विषम परिस्थितीतल्या माणसांना सारखे माप लावले तर विषमता आहे तशीच राहते, पुष्कळदा वाढते. मजुरीच्या, मालमत्तेच्या, रेशनच्या प्रश्नांवर आपण हे वर्षानुवर्षे मांडत आलो. शाळेच्या पैशाचा प्रश्न मात्र शिक्षक संघटनांचा आणि शिक्षण खात्याचा म्हणून बाजूला पडतो. शाळा बंद होऊ लागली की मोर्चा निघतो. ती बंद पडण्याच्या टोकाला कोणत्या गणिताने येते याची चर्चा होत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या वस्तीतल्या मुलींची गरज मोठी, त्या वस्तीतल्या शाळेचा पट घटण्याचा संभव जास्त असतो. पट घटला की शिक्षक आणि पैसा घटतो. म्हणजे पटावर पैसा देण्याची पद्धत गरजेच्या उलट दिशेने चालते. ती बदलून गरजेचे वजन धरणारी पद्धत आणावी, ही मागणी स्त्री चळवळीने आपली म्हणून उचलली पाहिजे.

कोष्टक कसे चालते

दर वर्षी ३० सप्टेंबरची पटसंख्या धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदे मंजूर ते ठरते. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा असे कायदा म्हणतो. या कोष्टकात मुलांची संख्या आहे. ती मुले कोणाची, कुठून येतात, घरी कोणती भाषा बोलतात, वर्षातले किती महिने गावात असतात, याला त्यात जागा नाही.

पुढे राज्याने हे निकष आणखी आवळले. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. त्यानंतर सहावी ते आठवीचा पट २० च्या आत असलेल्या अनेक शाळांना त्या वर्गांसाठी एकही शिक्षक मंजूर होत नाही, अशी तक्रार शिक्षक संघटनांनी राज्यभर केली. वर्ग आहे, मुले आहेत, कायद्याने विषयाला शिक्षक पाहिजे, आणि कोष्टकात मात्र पद नाही.

त्याआधी २०२२-२३ च्या संचमान्यतेपासून आणखी एक अट आली होती. ज्या मुलांचे आधार कार्ड शाळेच्या नोंदीशी जुळते तीच मुले मोजायची. आता विचार करा, नोंद कोणाची जुळत नाही? ज्या घरात जन्माचा दाखला नाही, ज्या मुलीचे नाव दवाखान्यात एक, शाळेत दुसरे आणि आधारवर तिसरे लागले आहे, जे कुटुंब सहा महिने परमुलखात असते, त्यांची. ती मुलगी वर्गात बसलेली असते, पण मोजणीत नसते.

पैशाचेही तसेच. समग्र शिक्षा योजनेत शाळेला जे संयुक्त शाळा अनुदान मिळते त्याचे दर पटावर आहेत. ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. या अनुदानातून खडू, फळा, वीज, दुरुस्ती सगळे भागवायचे, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. म्हणजे लहान शाळेने वर्षाला १,००० रुपये बाजूला काढायचे. महिन्याला ८३ रुपये झाले. त्या ८३ रुपयांत संडास धुणे, फिनेल, साबण, बादली, नळाची तोटी. सातवी-आठवीतली मुलगी पाळीच्या दिवसांत शाळेत का येत नाही, याची कारणे आपण शिबिरांतून शोधत असतो. एक कारण या कोष्टकात लिहून ठेवले आहे. छप्पर लहान शाळेचेही गळते, संडास तिचाही तुंबतो. मुले थोडी आहेत म्हणून खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही.

पोषण आहाराच्या कामातही हेच माप आहे. २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, २६ ते १०० मुलांना दोन. पट २६ वरून २५ वर आला की दोघींपैकी एकीचे काम जाते. उरलेलीने एकटीने पाणी आणायचे, चूल पेटवायची, शिजवायचे, वाढायचे, भांडी घासायची. या बाया बहुतेक गावातल्याच, पुष्कळ वेळा विधवा किंवा टाकलेल्या. त्यांचे मानधन २०२३ मध्ये वाढले तेव्हा कुठे महिन्याला २,५०० रुपये झाले. शाळेच्या पटाशी बाईची भाकरी अशी जोडलेली आहे.

गोरेगावच्या आसपास

आता हे कोष्टक एखाद्या खऱ्या मुलखावर ठेवून पाहू. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यातल्या सेनगाव तालुक्यात गोरेगाव आहे. परिसरातले हे मोठे गाव. भोवती लहान खेडी, वाड्या आणि बंजारा तांडे. शेती बहुतेक पावसावरची. सोयाबीन, तूर, कापूस, जिथे पाणी आहे तिथे हळद. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोरेगावचे नाव राज्यभर झाले ते एका भयंकर कारणाने. पीक हातचे गेलेल्या इथल्या शेतकऱ्यांनी, आमचे अवयव विकत घ्या आणि बँकेचे कर्ज फेडून घ्या, असे मुख्यमंत्र्यांना लिहून कळवले. वर्तमानपत्रांनी त्याच्या बातम्या केल्या. अशा घरात मुलीच्या शाळेचे काय होते हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. वहीपेनाचा खर्च आधी तिचा थांबतो. घरात बाहेरून मजूर लावणे परवडेनासे झाले की खुरपणीला, वेचणीला आधी तीच जाते.

ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा नावापुरती आहे, ती कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला, वीटभट्टीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. आई पहाटे फडात गेली की कोपीवर लहान भावंडाला सांभाळायला कोणीतरी लागते, आणि ते कोणीतरी म्हणजे नऊदहा वर्षांची थोरली मुलगी. मुलगा आजीजवळ गावात राहू शकतो. मुलीला मागे ठेवायला आईचा जीव धजत नाही, आणि तिला नेले तर तिच्या हातांचा उपयोग होतो.

मोजणीची तारीख लक्षात घ्या. ३० सप्टेंबरला ही मुलगी गावात असते, पटावर असते. नोव्हेंबरात ती जाते, आणि एप्रिलमध्ये परत येते ती पाच महिन्यांचा अभ्यास बुडवून. शिक्षकाने तिला त्या अडीच-तीन आठवड्यांत वर्गाच्या बरोबरीला आणायचे, की वर्गातल्या बाकीच्यांचा अभ्यास पुरा करायचा? या जास्तीच्या कामासाठी कोष्टकात ना शिक्षक आहे, ना तास आहे, ना पैसा आहे. तिची मोजणी एक म्हणून झालेली असते आणि तिथेच विषय संपतो.

तांड्यावरच्या पहिलीतल्या मुलीचा प्रश्न वेगळा. तिच्या घरी गोरमाटी बोलतात. पुस्तकातली मराठी तिला परकी असते. पहिली दोन वर्षे तिला दोन्ही भाषा येणारी एखादी बाई वर्गात मिळाली, तर ती पुढे टिकते. नाही मिळाली तर ती गप्प बसते, आणि गप्प बसणाऱ्या मुलीला मठ्ठ ठरवायला वेळ लागत नाही. इथेही कोष्टक तिला एकच मोजते.

पट घटतो तो कोणाचा?

पट घटतो याचे कारण सहसा असे दिले जाते की पालकांना सरकारी शाळा नको आहे. ते अर्धेच खरे आहे. ज्यांच्या हातात थोडा पैसा आहे ते पालक आपले मूल मोठ्या गावातल्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात. एकाच मुलाची फी भरणे जमत असेल तर ती बहुतेक घरांत मुलाची भरली जाते. मागे राहतात त्या मुली, मजुरांची मुले, अपंग मुले, तांड्यावरची मुले. म्हणजे पट निम्म्यावर आला तरी शाळेचे काम निम्म्यावर येत नाही. जी मुले जास्त मदतीशिवाय शिकू शकतात ती गेली. ज्यांना जास्त मदत लागते ती राहिली. नेमक्या या वेळी संचमान्यता सांगते की तुमची मुले कमी झाली, एक शिक्षक काढून घेतो. शिक्षक गेला की आणखी दोनचार पालक मुले काढतात. पुढल्या वर्षी पट आणखी घटतो.

शेवटी ती शाळा 'कमी पटाची' ठरते. डिसेंबर २०१७ मध्ये राज्याने १० पेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळांत हलवण्याचे ठरवले. २०२३ मध्ये समूह शाळांचा विचार पुढे आला. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील समूह शाळांचे उदाहरण घालून जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा सरकारनेच दिलेल्या आकड्यांप्रमाणे राज्यात २० पर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांहून अधिक मुले शिकत होती. पावणेदोन लाखांवर मुले एका फटक्यात 'परवडत नाही' या सदरात गेली.

शाळा दोनतीन किलोमीटर लांब गेली तर मुलगा सायकलवर जातो. मुलीच्या बाबतीत घरात चर्चा सुरू होते. वाटेत ओढा आहे, दारूचे दुकान आहे, टवाळ पोरे आहेत, आणि ती मोठी होत चालली आहे. २०११ पासून मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या मुलींसाठी एसटीच्या निळ्या बस सुरू झाल्या. हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत त्यांचा मोठा आधार झाला. पण बस डांबरी रस्त्याने जाते, आणि तांडा रस्त्यापासून आत असतो. मुलगी शाळेतून निघाली की तिच्या लग्नाचा विषय निघतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ च्या सुमारास, राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. ज्या परभणीतून हिंगोली निघाला त्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होते. बालविवाह थांबवायला आपण लग्नाच्या मांडवात पोलीस नेतो. तेही केलेच पाहिजे. पण मुलीला मांडवापर्यंत नेणारी वाट पुष्कळदा बंद पडलेल्या शाळेवरून जाते, आणि तिथे आपण आधी पोचले पाहिजे.

गरज ओळखणारा पैसा: तुकड्या-तुकड्यांनी

राज्याला गरज कळतच नाही असे म्हणता येणार नाही. १९९२ साली राज्याने पहिली ते चौथीतल्या, दारिद्र्यरेषेखालच्या दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. मुलगी शाळेत गेली की घराचे काहीतरी नुकसान होते, ते थोडे तरी भरून द्यावे, हा त्यामागचा विचार योग्य होता. पण पुढे तीस वर्षे तो रुपया रुपयाच राहिला. या काळात आमदारांचे भत्ते किती वेळा वाढले ते वाचकांना सांगायला नको.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. मूल गावात आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. कल्पना उत्तम आहे. पण दर वर्षी नव्याने सर्वेक्षण, नव्याने प्रस्ताव, नव्याने मंजुरी. कुटुंबे दिवाळीत निघतात आणि मंजुरी त्यानंतर येते, ही मराठवाड्यात नेहमीची तक्रार आहे. आई गाडीत बसत असताना तिला खात्री देता आली नाही, तर ती मुलीला बरोबर नेणारच.

शैक्षणिकदृष्ट्या मागास तालुक्यांसाठी २००४ मध्ये कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये निघाली. समग्र शिक्षेत अपंग मुलांसाठी दर मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, आणि अपंग मुलींना वर्षातले दहा महिने दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे. म्हणजे गरज जास्त तिथे पैसा जास्त, हे तत्त्व सरकारने मान्य केलेले आहे. फक्त ते योजनेत आहे, मूळ सूत्रात नाही. योजना येते, थांबते, उशिरा येते, तिचा दर गोठतो. संचमान्यता मात्र दर वर्षी ठरल्या वेळी होते. हक्क जर योजनेच्या मर्जीवर राहिला तर तो उपकार होतो. म्हणून गरज ही मूळ सूत्रातच लिहिली गेली पाहिजे.

आणखी एक गंमत पाहा. जिल्हा परिषद शिक्षकांच्या २०१७ च्या बदली धोरणात 'अवघड क्षेत्र' ठरवले गेले. दुर्गम, वाहतुकीची सोय नसलेल्या गावात तीन वर्षे काढली की शिक्षकाला बदली मागण्याचा हक्क. शिक्षकांसाठी, विशेषतः शिक्षिकांसाठी हे योग्यच झाले. पण याचा अर्थ असा की अमुक गाव अवघड आहे हे सरकारच्या दप्तरी लिहिलेले आहे. शिक्षिकेसाठी अवघड असलेले गाव तिथल्या मुलीसाठी अवघड नाही काय? मग तिच्या शाळेच्या पैशाच्या हिशेबात तो शब्द का येत नाही?

हा विचार परका नाही

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्याचा गाभा हाच होता. सरकारी तिजोरी शेतकऱ्यांच्या घामातून भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे जातो, हा हिशेब त्यांनी मांडला. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, खालच्या जातींतल्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे देऊन शाळेत आणा, असे त्यांनी सांगितले. सर्वांना दार उघडे ठेवले की झाले, असे ते म्हणाले नाहीत. ज्याला दारापर्यंत येणे जड जाते त्याच्यावर जास्त खर्च करा, असा त्यांचा आग्रह होता.

मराठवाड्याला तर हा विचार 'अनुशेष' या शब्दाने पाठ आहे. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने जिल्हावार अनुशेष काढला. राज्याच्या सरासरीपेक्षा जो जिल्हा मागे, त्याला ती तूट भरून काढण्यापुरता जास्त निधी, हे तत्त्व त्यातून रुजले. रस्ते, पाटबंधारे, वीज यांच्याबरोबर शिक्षणही त्या हिशेबात होते. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे झाली. या सगळ्या भांडणात मराठवाड्याचे पुढारी एका सुरात म्हणत आले की लोकसंख्येवर पैसा वाटू नका, मागासलेपणावर वाटा. बरोबर आहे. मग तेच तत्त्व जिल्ह्याच्या आत, गावापर्यंत, तांड्यावरच्या शाळेपर्यंत का उतरत नाही? धरणाचा अनुशेष मोजता येतो, तर आईला अक्षर ओळख नाही अशा मुलीचा अनुशेषही मोजता येईल.

बाहेरच्या देशांनी तो मोजून दाखवला आहे. नेदरलँड्समध्ये १९८५ पासून शाळेला पैसा देताना मुलांना वजन लावण्याची पद्धत आली. कमी शिकलेल्या आईबापांचे मूल सव्वा, आणि बाहेरून आलेल्या, कमी शिकलेल्या कुटुंबातले मूल जवळजवळ दोन, असे मोजून शाळेला शिक्षक देत. पुढे हे निकष बदलत गेले. २०१९ पासून तिथे जो निर्देशांक वापरतात त्यात आईबापांच्या शिक्षणाबरोबर शाळेतल्या सगळ्या आयांचे सरासरी शिक्षणही धरले जाते. आईचे शिक्षण ही मुलाच्या शाळेच्या अनुदानाची एक बाब झाली, हे आपण नीट लक्षात घ्यावे. इंग्लंडने २०११ मध्ये गरीब मुलांमागे शाळेला जादा रक्कम देणे सुरू केले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१३ मध्ये सूत्रच बदलले. गरीब घरातले, इंग्रजी न येणारे किंवा पालनगृहात वाढणारे मूल असेल तर त्याच्यामागे मूळ रकमेच्या २० टक्के जादा, आणि अशी मुले ५५ टक्क्यांहून जास्त असलेल्या ठिकाणी त्यावर आणखी भर. मात्र २०१९ मध्ये तिथल्याच सरकारी हिशेब तपासनिसांनी दाखवून दिले की हा जादा पैसा त्याच मुलांवर खर्च झाला की नाही ते नीट कळत नाही. हा धडाही आपण घेतला पाहिजे. पैसा मिळवणे हे अर्धे काम आहे. तो कुठे गेला ते विचारणे हे उरलेले अर्धे.

घेतले जाणारे आक्षेप

पहिला आक्षेप असा की चार वर्गांत मिळून सात मुले असतील तर त्यांचे शिक्षण तरी चांगले कसे होणार? त्यांना सवंगडी नाहीत, स्पर्धा नाही, खेळाचा संघ नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. प्रत्येक लहान शाळा जशी आहे तशीच राहावी असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. जिथे पक्का रस्ता आहे, बाराही महिने चालणारे वाहन आहे, बरोबर जाणारी बाई आहे, तिथे दोन शाळा एकत्र येऊ शकतात. पण ती सोय आधी झाली पाहिजे, शाळा नंतर हलली पाहिजे. आणि निर्णय गावातल्या आयांना विचारून झाला पाहिजे, कारण मुलीला पाठवायचे की नाही हे रोज सकाळी त्यांनाच ठरवावे लागते.

दुसरा आक्षेप पैशाचा. तिजोरीत जादा पैसा नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्येच राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असे सांगितले होते, आणि अजून ते झालेले नाही. म्हणून जादा पैसा मागणे हे मागणे रास्तच आहे. पण समजा आहे तेवढाच पैसा वाटायचा आहे. मग गरजेचे वजन लावले तर कुणाचे तरी थोडे कमी होईल, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. ज्या शाळेला गावाची वर्गणी मिळते, माजी विद्यार्थी संगणक देतात, आईबाप घरी अभ्यास घेतात, तिने थोडे थांबावे, आणि जिला यातले काहीच नाही तिला आधी द्यावे. घरातसुद्धा आजारी पोराच्या ताटात दूध जास्त पडते. त्याला कोणी अन्याय म्हणत नाही.

तिसरा आक्षेप आपल्यातूनच येईल. जादा पैशासाठी मुलीच्या कपाळावर 'मागास', 'स्थलांतरित' असा शिक्का बसेल, वर्गात तिचे नाव वेगळे पुकारले जाईल. शिष्यवृत्तीच्या याद्या वर्गात वाचून दाखवल्या जातात तेव्हा काय होते ते आपण पाहिले आहे. म्हणून वजन मुलीला नको, शाळेला हवे. किती आया निरक्षर आहेत, किती कुटुंबे हंगामात बाहेर जातात, घरची भाषा कोणती, अपंग मुले किती, शाळेला बारमाही रस्ता आहे का, एवढी माहिती एकत्रित आकड्यात अंगणवाडी, ग्रामपंचायत आणि शाळा मिळून देऊ शकतात. कोणाचे नाव पुढे आणण्याची गरज नाही.

आपण काय मागायचे?

एक उदाहरण घेऊ. एखाद्या शाळेत १८ मुले आहेत आणि त्यांतली १० ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली आहेत. ही दहा मुले दीडपट धरली तर त्यांची संख्या १५ होते. उरलेली ८ मिळवली की २३. कोष्टक तेच, पण शाळा विसाच्या वर आली. दीडपट की सव्वापट, याचा अभ्यास तज्ज्ञांनी करावा. पण मुलांची गरज मोजली जाईल हे आधी ठरले पाहिजे. त्यासाठी पुढील मागण्या आपल्या गटांनी चर्चेला घ्याव्यात.

१. संचमान्यता आणि शाळा अनुदान यांच्या मूळ सूत्रात गरजेचे वजन यावे. त्यात आयांचे शिक्षण, हंगामी स्थलांतर, घरची भाषा, अपंगत्व आणि शाळेचे अंतर या बाबी असाव्यात.

२. आधार जुळले नाही म्हणून वर्गात हजर असलेली मुलगी मोजणीतून वगळू नये.

३. प्रत्येक शाळेला पटाशी संबंध नसलेली एक किमान रक्कम मिळावी. तीतून संडास, पाणी आणि दुरुस्ती भागली पाहिजे.

४. हंगामी वसतिगृहांची मंजुरी दसऱ्याच्या आत मिळावी. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना शाळेत दाखल करून घेण्याची जबाबदारी शिक्षण हक्क कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहे, तिची आठवण जिल्हा परिषदेला करून द्यावी.

५. मुलींना मिळणारे भत्ते महागाईशी जोडावेत.

६. स्वयंपाकी बायांची संख्या पट एकदोनने घटल्याबरोबर कमी करू नये.

७. पर्यायी वाहन आणि सोबत यांची सोय प्रत्यक्ष सुरू झाल्याशिवाय कोणतीही शाळा हलवू नये.

मागण्या मुंबईच्या पातळीवरच्या आहेत, पण सुरुवात गावातून करता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असे कायदा सांगतो. पुष्कळ ठिकाणी या स्त्रिया सहीपुरत्या असतात. आपल्या गटातल्या मैत्रिणींनी या समित्यांवर जावे आणि पुढच्या बैठकीत चारच प्रश्न विचारावेत. ३० सप्टेंबरला पटावर किती मुले होती आणि त्यांतली किती मोजली गेली नाहीत? दिवाळीनंतर त्यांतल्या किती मुली गावात राहिल्या? या वर्षी शाळा अनुदान किती आले आणि कोणत्या महिन्यात आले? त्यातले स्वच्छतेवर किती गेले? ही उत्तरे वहीत लिहून ठेवावीत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावीत.

सेनगाव, कळमनुरी, औंढा अशा एकेका तालुक्यातल्या वीसपंचवीस शाळांची अशी उत्तरे एकत्र झाली, तर कोणत्या गावात पट का घटला हे आपण अधिकाऱ्यांना गावाच्या नावानिशी दाखवू शकू. पट कमी आहे म्हणून शाळा परवडत नाही, असे ते म्हणतील. पटावरून गळलेल्या मुली आज कुठे आहेत याची यादी तेव्हा आपल्या हातात असली पाहिजे.